फिट थांबली, हाताचं काय?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपला अंक माझ्या दुकानात रोज येतो. मापाला आलेल्या बायका तो चाळतात आणि दुकान बंद करताना उरलासुरला मी वाचतो. गेल्या आठवड्यात त्यात सुंदर हस्ताक्षर स्पर्धेतल्या मुलांचा फोटो होता, हातात ढाली, शेजारी गुरुजी. चांगली गोष्ट आहे. माझा मुलगा पाचवीत आहे. त्याने तो फोटो बराच वेळ बघितला आणि मला विचारलं, "पप्पा, घाण अक्षराची स्पर्धा नसते काय?" तेव्हा मी हसलो. रात्री मात्र झोप येईना, म्हणून हे पत्र.

मी खानापुरात लेडीज टेलर आहे. बोटांवर पोट असलेला माणूस. त्यामुळे दुसऱ्याची बोटं कशी चालतात हे माझ्या नजरेतून सुटत नाही. एवढ्याच भांडवलावर लिहितोय. औषधपाण्यातलं जे खाली येईल ते डॉक्टरांनी समजावलेलं आणि नंतर मी खोदून खोदून विचारलेलं.

साडेतीन वर्षांपूर्वी त्याला फिट आली, तेव्हाची गोष्ट. मुलगा साडेसहा वर्षांचा. पावसाळ्यातली पहाट, कौलांवर पाऊस कोसळत होता, तरी त्याच्या घशातला घुर्र घुर्र आवाज ऐकू आला. दिवा लावला तर ओठाचा उजवा कोपरा टकाटका उडतोय, लाळेने उशी भिजलेली, उजवा हात मनगटापासून झटके देतोय. डोळे उघडे होते. तो मला ओळखत होता, बोलायला जात होता आणि शब्द काही निघत नव्हता. माझ्या आईने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला. शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या. कुणीतरी चप्पल हुंगवा म्हणालं. यातलं काहीच करायचं नव्हतं, हे नंतर कळलं. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी काढायची. घरात इतकी माणसं जमली होती, घड्याळ एकानेही बघितलं नव्हतं.

खानापूरची माती कौलांसाठी नावाजलेली, पण आमच्याकडे दुसराही कौल असतो, देवाला लावायचा. तोही लावून झाला. उजवा मिळाला. मग बेळगावला गेलो.

ईईजीसाठी, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतल्या विजेच्या लाटा बघायच्या तपासणीसाठी, पोराला रात्री झोपू देऊ नका आणि डोक्याला तेल लावू नका, असं सांगितलं होतं. या आजाराची खूण झोपेत जास्त उमटते आणि जागरण झालेलं पोर तिथं लगेच झोपतं, म्हणून. रात्रभर त्याला दुकानात बसवून बटणं निवडायला लावली, पांढरी एका डब्यात, रंगीत दुसऱ्यात. सकाळच्या पहिल्या बसने निघालो. बेळगाव काही फार लांब नाही, पंचवीस-सव्वीस किलोमीटर. तेवढ्यात तो सहा वेळा पेंगला आणि सहा वेळा मी त्याला उठवला.

तिथल्या टेक्निशियन बाईंनी खिशातून टेप काढला. मोजायचा टेप, माझ्या गळ्यात असतो तसाच. तो बघून मला उगाच धीर आला. नाकाच्या वरच्या खोबणीपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत एक माप, या कानापासून त्या कानापर्यंत दुसरं. मग त्या मापाचा दहावा भाग, पाचवा भाग धरून लाल पेन्सिलीने टाळूवर खुणा. मी विचारलं, सगळ्या पोरांना एकच माप चालत नाही काय? बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या बायकांना एकच ब्लाऊज शिवता काय?" मी गप्प बसलो.

वीस-बावीस वायरी चिकटवल्या. जागा असताना त्याला सांगितलं, उजवी मूठ मिट, आता सोड. मूठ मिटली की पडद्यावर डाव्या बाजूची एक लाट बसायची, सोडली की परत उठायची. हे सगळ्यांच्याच डोक्यात होतं म्हणे. हात मोकळा असताना मेंदूतला हाताचा भाग ती लाट खेळवत बसतो आणि हाताला काम लागलं की ती मोडते. मग दिवा मंद केला. दोन मिनिटांत पोरगं झोपलं, आणि त्याच डाव्या बाजूच्या मधल्या रेघांवर टोकं उठायला लागली. एक उठलं, थांबलं, मग लागोपाठ तीन, मग ओळच. त्याचा हात माझ्या हातात होता. अगदी सैल, गरम. बोटसुद्धा हलत नव्हतं. फिट नव्हतीच ती. वरून बघावं तर शिलाई सरळ चाललेली आणि खाली बॉबीनचा दोरा मात्र गुंतत चाललेला, असं कधी कधी मशीनवर होतं. कापड उलटं करेपर्यंत पत्ता लागत नाही.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, रोलँडिक एपिलेप्सी, म्हणजे फिटच्या आजाराचाच एक प्रकार. मेंदूच्या मधोमध वरून खाली एक खाच असते. लुइजी रोलँडो नावाच्या इटलीतल्या शरीरशास्त्रज्ञावरून तिला ते नाव पडलं. खाचेच्या पुढचा पट्टा अवयव हलवतो, मागचा पट्टा स्पर्श ओळखतो. उजव्या अंगाचा कारभार डाव्या पट्ट्यावर आणि डाव्याचा उजव्यावर. कॅनडात माँट्रियलला पेनफिल्ड म्हणून एक सर्जन होते. फिटच्या पेशंटचं ऑपरेशन करताना त्याला जागं ठेवून ते मेंदूला बारीक वीज लावायचे आणि कुठलं बोट हललं ते टिपून घ्यायचे. त्यावरून त्यांनी या पट्ट्याचा नकाशा केला. डॉक्टरांनी तो मोबाईलवर दाखवला. एक विचित्र माणूस, पाठ-पोट नावाला, आणि ओठ, जीभ, हाताचा पंजा राक्षसाएवढा. म्हणजे कापड बेतताना मेंदूने पाठीला चिंधी दिली आणि बोटांना अख्खा तागा! शिंप्याला हे लगेच पटलं. तोंड आणि हात त्या पट्ट्यावर शेजारी शेजारी आहेत, म्हणून आमच्या पोराचा ओठ उडाला आणि पाठोपाठ हात.

स्कॅनही झाला. मेंदूत किडा नाही, गाठ नाही. ही चांगल्या जातीची आकडी आहे, असं डॉक्टर म्हणाले. तीन ते चौदा वर्षांच्या आत कधीही सुरू होते, सातव्या वर्षाच्या आसपास जास्त करून, आणि पंधरा-सोळापर्यंत जवळजवळ सगळ्यांची आपोआप जाते. काही मुलांना तर गोळीही देत नाहीत. आमच्या पोराला वरचेवर येत होती म्हणून औषध सुरू केलं. त्यानंतर तीनदा फिट आली. शेवटची येऊन दोन वर्षं झाली. आईने नारळ फोडला, मी पेढे वाटले, काय कारण ते न सांगता.

इथवर सगळं गोडच आहे. माझं गाऱ्हाणं याच्या पुढचं.

पोराला शर्टाचं बटण लावायला वेळ लागायचा. चपातीचा तुकडा मोडताना ताट सरकायचं. पेन्सिल इतकी दाबून धरायचा की मागच्या तीन पानांवर वळ उठायचे. आणि लिहिताना शिरोरेषा देणं त्याने सोडून दिलं. सगळी अक्षरं उघड्या डोक्याची. विचारलं तर म्हणाला, "रेघ मारत बसलो तर फळा पुसतात की." वहीत लाल शाईने 'अक्षर सुधारा' असं मी एकदा मोजलं, एका महिन्यात अकरा वेळा. शिक्षा काय, तर शुद्धलेखनाची दहा पानं जास्तीची. ती लिहीत पोरगं रात्री अकरापर्यंत बसायचं. झोप मोडणं हे फिटला आमंत्रण असतं, हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी त्याला बसवत होतो. कोंबडीचे पाय काढतोस म्हणून मीही त्याला बोललोय. ते इथं लिहून ठेवतो.

एके दिवशी दुकानात बसल्या बसल्या खेळ म्हणून वीस बटणं मांडली. एकेक उचलून अरुंद तोंडाच्या बाटलीत टाकायची. पोरगं उजव्या हाताचं. उजव्या हाताला एक्केचाळीस सेकंद लागले, डाव्याला चौतीस. परत केलं, तेच. त्याची थोरली बहीण उजव्यानेच भरभर करते. ज्या हाताने लिहायचं तोच मागे पडलाय, हे मला त्या दिवशी दिसलं. पुढे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे हाताच्या रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्यांकडे, गेलो तेव्हा त्यांच्याकडेही भोकांची पाटी आणि खुंट्याच होत्या. माझी बटणं आणि त्यांच्या खुंट्या, काम एकच.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटांनी नाकाला शिवायला लावलं. म्हणाले, दोन गोष्टी असू शकतात. एक तर औषध. व्हॅल्प्रोएटने काही मुलांच्या हाताला बारीक कंप सुटतो, डोस जास्त तसा कंप जास्त. त्यांनी डोस थोडा उतरवला. (हे त्यांनी केलं. आपल्या मनाने कुणी गोळी कमी केली किंवा एकदम बंद केली तर फिट उसळून येते, एवढं लक्षात असू द्या.) कंप गेला. हात थोडा हलका झाला, पण बटणांच्या खेळात डावाच पुढे राहिला.

दुसरी गोष्ट त्या टोकांची. फिट थांबली म्हणजे झोपेतली टोकं थांबली असं नसतं. पडद्यावर मी बघितलेली ती ओळ हाताच्या आणि तोंडाच्या पट्ट्यावरच उठत होती, आणि झोप ही मेंदूची दिवसभर शिकलेलं पक्कं करायची वेळ. गाढ झोपेच्या अलीकडे मेंदूत अर्ध्या सेकंदापासून दोनेक सेकंदांच्या लहरी उठतात. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या. इंग्रजीत त्यांना स्पिंडल म्हणतात, म्हणजे आपली सूतकताईची चाती. हाताला नवीन वळण शिकवलं की ते बसवायचं काम या चात्या करतात. अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी रोलँडिक एपिलेप्सीच्या मुलांचा झोपेतला ईईजी तपासला, तर आजार चालू असताना नेमक्या त्या पट्ट्यावर चात्या कमी भरल्या, आणि ज्यांच्या कमी ती मुलं चाचण्यांतही मागे पडली. प्रत्येक पोराचं असंच होतं असं नाही, पुष्कळ मुलं काहीही न होता पार होतात, हेही डॉक्टरांनी दोनदा बजावलं. पण माझ्या पोराला वर्गात जे ऐकून घ्यावं लागत होतं, 'आळशी', 'लक्ष नाही', ते तरी त्यातलं काही नव्हतं.

आता शाळेवर राग काढावा तर तिथं माझीच गोची आहे. शाळेला मी सांगितलंच नव्हतं. वर्गात चाळीस पोरं, बाईंना स्वप्न पडणार आहे काय? जगात सुमारे ५ कोटी लोकांना फिटचा आजार आहे म्हणतात. आमच्या गल्लीत मात्र एकालाही नाही, कारण कुणी बोलतच नाही. माझी थोरली तेरा वर्षांची आहे, आणि आई तेव्हापासून म्हणते, घरात आकडी आहे हे बाहेर फुटलं तर हिला सोयरीक येणार नाही. हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाच्या आड येत होता. ते कलम १९९९ साली काढून टाकलं. बैठकीला बसलेल्या मावशा-आत्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. शेवटी गेल्या जुलैत मी ईईजीचा कागद घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी वाचला, थोडा वेळ वही बघत बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, हे पहिलीतच सांगायचं की हो." तेव्हापासून जास्तीची दहा पानं बंद आहेत. प्रश्नांची उत्तरं तोंडी घेतात. शिरोरेषेचे गुण मात्र कापतात. नियम म्हणे.

आणि आपल्या भागातल्या पोराचं आणखी एक आहे. त्याला एक नाही, तीन लिप्या गिरवाव्या लागतात. मराठीत दर शब्दाला हात उचलून डोक्यावर आडवी रेघ. कन्नडमध्ये रेघ नाही, पण मनगट सारखं फिरतं, काजाच्या टाक्यासारखं वळण घेऊन घेऊन. त्यात ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, खाली लटकवायचं, तेही त्या ओळीत मावेल असं. इंग्रजीचा प्रकार तिसराच. चांगला हात असलेलं पोर तिन्ही शिकतं आणि पुढे कुठंही पोट भरतं, मला त्याचा अभिमानच आहे. पण ज्याचा हात मागे आहे त्याला एका दिवसात तीन गावचे घाट चढायला लावतो आपण. १९५६ पासून आपल्याकडे पाट्यांचं भांडण चाललंय, दुकानावरची पाटी कुठल्या भाषेत. माझ्या दुकानावर दोन्ही आहेत, आणि दोन्ही पाट्यांचे पैसे मीच भरलेत. त्या पाट्यांच्या बातम्यांनी आपलीही पानं भरतात. पाटीवर लिहिणाऱ्या हाताला एखादा रकाना द्यायला हरकत नसावी.

कायदा काय म्हणतो तेही एका वकील गिऱ्हाइकाकडून काढून घेतलं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, कलम १७. त्यात परीक्षेला जादा वेळ आहे, लेखनिक आहे, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेची माफीसुद्धा आहे. पण ते दिव्यांग मुलासाठी. त्या कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत, त्यात एपिलेप्सी नाव घेऊन लिहिलेली नाही. मज्जासंस्थेचे जुनाट आजार असा एक प्रकार आहे, त्यात बसवायचं तर सर्टिफिकेट पाहिजे, आणि सर्टिफिकेटवाले म्हणतात हात तर हलतोय. खरंच हलतोय. हळू हलतोय, एवढंच. सर्टिफिकेटच्या मागे मी आता लागलेलो नाही. कन्नडची माफी तर मला नकोच. खानापुरात राहून कन्नडवाचून चालत नाही, माझी निम्मी गिऱ्हाइकं "अण्णा, यावाग कोडतीरी?" (कधी देणार?) म्हणूनच विचारतात. मला पाहिजेत ती सहामाहीच्या पेपराला वीस मिनिटं जास्त, आणि अक्षराचे गुण उत्तराच्या गुणांतून न कापणं. याला सरकारी फंड लागत नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर त्यांच्या सहीने होतं.

दुसरं मागणं शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यांच्या तीस आजारांच्या यादीत फिट आहे, मी ती यादी बघितलीय. पथक येतं, दात बघतं, डोळे बघतं, त्वचा बघतं आणि "कुणाला फिट येते काय?" असं भर वर्गात विचारतं. कोण हात वर करणार? हा प्रश्न आईबापांना बाजूला घेऊन विचारावा. आणि ज्याच्या नावापुढे फिटची खूण होईल त्याच्यापुढे वीस बटणं ठेवावीत, एक मिनिटाचं काम आहे. कुठला हात लिहितो आणि कुठला हात मागे आहे, एवढं वहीत टिपलं तरी पुरे. बाळंतपणात ज्या पोरांच्या मेंदूला मार बसला, ज्यांचा हात आधीपासूनच वाकडा किंवा ताठ आहे, ती निदान डोळ्याला दिसतात. त्यांचे हाल वेगळे आणि मोठे आहेत, त्यावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी म्हणतोय ती न दिसणारी पोरं.

घरी आम्ही काय करतो ते एका बापाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. थेरपिस्टबाई महिन्यातून एकदा, बाकी सगळं घरी. कुंभाराकडून भिजवलेली माती आणतो, रात्री अर्धा तास तो मळतो, त्याच्या गोळ्या आणि वळ्या करतो. पेन्सिलीला कॅनव्हासची पट्टी गुंडाळलीय, जाड झाली तशी पकड सैल झाली. आणि कटिंगच्या टेबलावर ब्राऊन पेपर पसरून माझ्या चपट्या खडूने तो हाताएवढी अक्षरं काढतो, खांद्यापासून हात फिरवून. मोठं अक्षर त्याला येतं. 'ळ' तर इतका झोकदार काढतो की एकदा मी तो कागद कापलाच नाही, तसाच ठेवला. लहान करायला गेला की मोडतं. रात्री नऊला दिवा बंद, गृहपाठ राहिला तर राहिला. या बटणांच्या खेळात परवा उजवा सदतीस सेकंदांवर आला. डावा अजून पुढे आहे.

तालुक्यातल्या कुठल्या शाळेला बटणं आणि बाटली पाहिजे असेल तर माझ्या दुकानातून न्यावी. जुनी, जोडी नसलेली बटणं माझ्याकडे डबाभर पडली आहेत. पत्ता आपल्याकडे ठेवला आहे. पोरगं शाळेत जातं, म्हणून नाव छापू नये ही विनंती. ते छापायला हरकत नाही असं मला वाटायला लागलं की कळवीन.

आपला,
एक शिंपी,
खानापूर, जि. बेळगाव

ता. क. पाकिटावरचा पत्ता मुलाने लिहिला आहे. शिरोरेषा दिलेली नाही, पण पिन कोड बरोबर आहे.